अक्काकडे राहिलेले नारळ

नोकरीच्या पहिल्या दिवशी अक्काने मला नियमांचा कागद वाचू दिला नाही. तो घरी वाच, म्हणाली. इथे आधी नारळाला नाही म्हणायला शीक.

मला वाटलं, नव्या पोरीची थट्टा चाललीय. पण आठवड्याभरातच कळलं की कात्री, चाकू, लायटर, मिरचीची पूड यांना नाही म्हणणं सोपं असतं. माणसं थोडी कुरकुरतात आणि काढून देतात. नारळाचं तसं नाही. सासरी निघालेल्या मुलीची आई घरून निघताना तिची ओटी भरते. गहू आणि खण मोठ्या बॅगेत जातात, नारळ मात्र मुलगी जवळच्या पिशवीत ठेवते. आणि जवळच्या पिशवीत नारळ चालत नाही. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत नाही, तेल असतं त्यात, पेट घेतं. हे सगळं त्या मुलीला समजावून सांगायचं, तेही ती अजून डोळे पुसत असताना.

आमचं विमानतळ जळगावच्या बाहेर, लहानसं. सामान तपासायचं एकच मशीन, एकच पट्टी, आणि बायकांना तपासायला पडदा लावलेली एवढीशी खोली. मी धुळ्याची, लग्न होऊन जळगावात आले आणि तिथे लागले. दिवसातून दोन-तीन विमानं. मधला वेळ इतका शांत जायचा की काचेपलीकडची काळी शेतं बघून बघून डोळ्यांवर झापड यायची. चैत्र-वैशाखात तर त्या शेतांवर हवा नुसती थरथरत असायची आणि लांबची केळीची बाग पाण्यात उभी असल्यासारखी दिसायची. अशा वेळी सगळे पंख्याखाली बसत. अक्का एकटी मशीनसमोर.

ती पन्नाशीची असेल. उंच, हाडापेराने मोठी, तळहात पुरुषासारखे रुंद. गणवेश कडक इस्त्रीचा. मंगळसूत्र शर्टाच्या आत असायचं, पण कपाळ कोरं. पहिल्या दिवशी मला त्याचा मेळ लागला नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणत.

विमानाची माणसं आत यायला लागायच्या आधी ती एक रिकामा ट्रे पट्टीवर सोडायची. तो मशीनमधून जाईपर्यंत पडद्यावर टक लावून बघायची. रिकाम्या ट्रेत काय बघतेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, रस्ता साफ आहे का ते. मग कधी सहज बोलल्यासारखं सांगायची, की आज शिवणाची मोठी कात्री येईल, आज कोणीतरी तुपाचा डबा आणील. आणि यायचा. मी डोळे विस्फारले की ती साधं कारण द्यायची. लग्नसराई आहे, कोणी ना कोणी शिवणवाली असणारच. हिवाळा आहे, तूप निघणारच. कारण ऐकलं की माझं समाधान व्हायचं. घरी जाऊन स्वयंपाक करताना ते समाधान थोडं थोडं विरत जायचं.

एकदा कापडाचे एक मोठे व्यापारी आले होते, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून येऊन इथलेच झालेल्या घरातले. त्यांची पिशवी अजून त्यांच्या खांद्यावरच होती तर अक्का म्हणाली, "शेठजी, अडकित्ता काढा." ते चपापले. आजोबांचा पितळी अडकित्ता होता, कापडात गुंडाळून अगदी तळाशी ठेवलेला. नियमाने तो काढून घेतलेल्या वस्तूंच्या आमच्या पेटीत जायला हवा होता. पण अक्काने साहेबांना विनंती केली, त्यांची मोठी बॅग विमानात चढायच्या आधी परत मागवून घेतली आणि अडकित्ता तिच्यात टाकायला लावला. नियमाच्या बाबतीत ती तसूभर हलायची नाही, पण वस्तू माणसापासून तुटू नये म्हणून हवे तेवढे हेलपाटे घालायची. कसं कळलं, असं मी नंतर विचारलं तर म्हणाली, पिशवी एका बाजूला झुकली होती. मी बघितली होती ती पिशवी. सरळ होती.

नारळाच्या वेळी मात्र ती वेगळीच व्हायची. मशीनवरून उठून स्वतः पुढे यायची. शर्टाचा खालचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरायची, पदर पसरावा तसा, आणि मुलीला म्हणायची, टाक. गणवेशातली धिप्पाड बाई अशी ओटी पसरून उभी राहिलेली बघून मुली गोंधळायच्या, पण टाकायच्या. मग अक्का एकच प्रश्न विचारायची, आपल्या अहिराणीत.

"कव्हय येशी माय?"

परत कधी येशील. मुलगी सांगायची, आखाजीला म्हणजे अक्षय्यतृतीयेला, दिवाळीला, नाहीतर बाळंतपणाला. अक्का मान हलवायची. कुठे लिहून ठेवत नव्हती.

लोकांनी सोडलेल्या वस्तूंची पेटी दर आठवड्याला रिकामी व्हायची. यादी करून त्यांची विल्हेवाट लागायची. नारळ कुजले तर उंदीर येतील म्हणून साहेबांनीच तिला सांगून ठेवलं होतं, नारळ तू घेऊन जात जा. साहेबांना वाटायचं ती चटणी करते.

ती चटणी करत नव्हती. ती मुलगी जेव्हा माहेरी परत यायची, तेव्हा बाहेर पडायच्या दाराशी अक्का कापडी पिशवी घेऊन उभी असायची. तिची कामाची पाळी असो नसो. "तुझी ओटी राहिली होती," एवढंच म्हणून तोच नारळ तिच्या हातात द्यायची. काही मुली हसायच्या, काही रडायच्या. एकदा एक सासूबाई सुनेच्या हातून नारळ हिसकावून घेऊन म्हणाल्या होत्या, कुठला कोणाचा, काय करून आणलाय कोण जाणे, आणि गाडीत बसायच्या आधी तो त्यांनी रस्त्याकडेला ठेवून दिला. अक्काने गाडी गेल्यावर जाऊन तो उचलून आणला. सुनेला पुढच्या खेपेला दिला, सासू बरोबर नसताना.

मला हे सगळं लोभस वाटायचं. तिच्या घरी जाईपर्यंत.

पिंप्राळ्याकडे तिची भाड्याची खोली होती. सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने मला जेवायला बोलावलं, वरणबट्टी केली होती. आत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबले. समोरच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने नारळ. प्रत्येकाला कुंकवाचं एकेक बोट लावलेलं. सगळ्यांची तोंडं दाराकडे. खोलीत देवाचा फोटो नव्हता, टीव्ही नव्हता. हळदीकुंकवाला बायका दाटीवाटीने बसाव्यात आणि आपण आत गेल्यावर सगळ्यांनी एकदम बोलणं थांबवावं, तसं मला झालं. मी पाठ भिंतीकडे करून बसायला गेले, तर अक्का म्हणाली, इकडे तोंड करून बस, त्यांना बरं नाही वाटत.

मी तोंड वळवून बसले.

जेवताना तिने आपणहून सांगितलं. तिचं सासर शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. नवरा बोअरच्या गाडीवर कामाला होता. विंधन विहिरी पाडणारी ती गाडी गावोगाव फिरत पार दक्षिणेत जायची, चार-चार महिने परतायची नाही. अठरा वर्षांपूर्वी अशीच गेली. परतली तेव्हा त्यात तो नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं की वाटेत एका ठिकाणी चहाला उतरला आणि नंतर दिसला नाही. दोन तास थांबलो, हाका मारल्या, मग निघालो. बस, एवढंच. पोलीस झाले, नवस झाले. तो मेला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही, आहे म्हणावं तर दिसत नाही. तिची ओटी भरायची की नाही हे गावाला ठरवता आलं नाही. पहिली काही वर्षं बायका तिच्यासमोर थबकायच्या, कुंकवाचा करंडा हातात घेऊन एकमेकींकडे बघायच्या. मग तिनेच हळदीकुंकवाला जाणं सोडलं, आणि पुढे गावही.

"इथे कोणी विचारत नाही," ती फळ्यांकडे बघत म्हणाली. "आपोआप पडते ओटीत."

मी खाली मान घालून बट्टी कुस्करत राहिले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. मग खालच्या फळीवरून एक आवाज आला, अगदी हलका, पाणी हिंदकळल्याचा. नारळ जुना झाला की पाणी आटतं आणि हलवल्यावर वाजतं, हे मला माहीत होतं. पण ते कोणी हलवलं नव्हतं. अक्का हात धुऊन उठली, डावीकडून तिसरा नारळ उचलला, ओल्या फडक्याने पुसला आणि पिशवीत घातला. म्हणाली, आज येतेय ही. आसोद्याची.

ती आसोद्याची मुलगी मला आठवत होती. आखाजीला येईन म्हणाली होती. आणि आता तर माघच चालू होता. मी तसं म्हटलं. अक्का म्हणाली, चल, बघू.

आम्ही रिक्षाने विमानतळावर गेलो. दुपारच्या विमानातून माणसं उतरली, आणि शेवटून दुसरी ती मुलगी. अक्काला बघून तिचे पाय जागीच थांबले. तिने विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं, मी तर घरीही कळवलं नाही. सकाळी उठले आणि उगाच वाटलं की जावं, म्हणून आले. अक्काने नारळ दिला आणि तिला रिक्षात बसवून लवकर जा म्हणाली. संध्याकाळी कळलं की तिची आई मळ्यातल्या घरात एकटी होती, मोरीत पाय घसरून सकाळपासून तशीच पडलेली. खुबा मोडला होता. अजून एखादा दिवस तशीच राहती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अक्काला एकटीला गाठून विचारलं, तुला कसं कळतं ते खरं सांग. या वेळी तिने कारण दिलं नाही. आपले तळहात माझ्यासमोर धरून नुसतं म्हणाली, मला काही कळत नाही, यांना कळतं.

त्यानंतर तिने हात पुढे केला की मी नकळत जरा मागे सरकायचे. तिच्या ते लक्षात आलं होतं.

बोदवडची मुलगी आली ती जेठातल्या एका दुपारी. पाऊस लांबलेला, बाहेर नुसती आग. हैदराबादचं विमान. मुलगी नव्या लग्नाची, कोपरापर्यंत हिरवा चुडा. नवरा सावकाश बोलणारा, कुठल्याशा कंपनीत होता. तिला नियम माहीत होता, आणि रांगेत तिच्या पुढच्या मुलीला अक्काने कव्हय येशी विचारलेलं तिने ऐकलं होतं. ट्रे पट्टीवर ठेवायच्या आधीच तिने पिशवीतून नारळ काढला आणि हसत पुढे केला. अक्का उठली, शर्टाचा घेर धरला, आणि अर्ध्यावर सोडून दिला. हात पँटीला पुसले.

"हा मी घेणार नाही."

मुलीला वाटलं सवलत मिळतेय. मग नेऊ का, तिने विचारलं. अक्का म्हणाली, नेता येणार नाही. मग काय करू, मुलीने विचारलं, तशी अक्काने हात पाठीमागे घेतले. मागे रांग खोळंबली. नवऱ्याने नम्रपणे विचारलं की काही अडचण आहे का. साहेब आले आणि त्यांनी मला सांगितलं, तुम्ही घ्या तो नारळ. मी हात पुढे केला, तर अक्काने माझं मनगट धरलं. त्या उन्हाळ्यात तिची बोटं विहिरीतून काढल्यासारखी गार होती. शेवटी साहेबांनीच नारळ घेऊन पेटीत टाकला आणि रांग पुढे सरकली.

मुलगी विमानाकडे जायच्या दारापर्यंत गेली आणि परत मागे आली. तिचा चेहरा उतरला होता. "अक्का, काय दिसलं तुम्हाला?"

अक्का म्हणाली, काही नाही, पोचल्यावर आईला फोन कर.

नारळ त्या आठवड्याच्या पेटीबरोबर गेला. पेटी नेताना अक्का तोंड फिरवून उभी होती. त्यानंतर ती बदलली. नारळ घ्यायची, पण कव्हय येशी विचारीनाशी झाली. रिकामा ट्रे सोडणंही बंद. डब्यातली अर्धी भाकरी तशीच परत न्यायची. आणि मी रोज हैदराबादहून येणाऱ्यांच्या यादीत त्या मुलीचं नाव शोधायचे. पोळा गेला, नवरात्र गेलं. नाव दिसेना तसं माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. रागही यायचा अक्काचा. तोंडावर तसं सांगायची काय गरज होती?

दिवाळीच्या दोन दिवस आधी नाव दिसलं. मी बाहेरच्या दारात जाऊन उभी राहिले. ती आली, नवऱ्याबरोबर, अंगाने भरलेली, चेहरा तजेलदार. मला इतकं हलकं वाटलं की मी तिचे दोन्ही हातच धरले. मग धावत आत जाऊन अक्काला सांगितलं, आली बघ, चांगली आहे, तुझं चुकलं या वेळी. अक्का उभी राहिली, पण बाहेर येईना. तेवढ्यात मुलगीच साहेबांची परवानगी घेऊन दारापाशी आली. म्हणाली, मला अक्कांना काही सांगायचंय.

हैदराबादला त्यांच्या वसाहतीतल्या बायका रविवारी एका निवाऱ्यात जेवण घेऊन जायच्या. रस्त्यावर सापडलेली, घरचं कोणी नसलेली माणसं तिथे ठेवलेली. त्यात एक म्हातारा होता. त्याची भाषा तिथे कोणाला कळत नव्हती, म्हणून सगळे त्याला वेडा समजायचे. जवळ येणाऱ्या प्रत्येक बाईला तो एकच विचारायचा. मुलीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातली वाटी सांडली.

"तो विचारतो, कव्हय उनी," ती म्हणाली. कधी आलीस. "तुम्ही मुलींना विचारता ना, कव्हय येशी, तसंच. त्याच सुरात."

मी अक्काकडे बघितलं नाही. मुलगी पुढे सांगत होती. तिने त्याला उत्तर दिलं तसा तो रडायला लागला. पुढच्या रविवारी त्याने शिरपूरकडच्या एका गावाचं नाव घेतलं. आणि मग तेच तेच सांगत राहिला, की चहाला उतरलो, गाडी निघून गेली.

अक्काने एवढंच विचारलं, उंच शे का. मुलगी म्हणाली, वाकलाय, पण उंच आहे.

ती गेल्यावर अक्का मशीनसमोर बसून राहिली. पट्टी चालू होती, तिच्यावर काही नव्हतं. मग म्हणाली, "तो नारळ तिचा नव्हताच. माझा होता. आपलाच आपल्या ओटीत कसा घेणार?"

नऊ वर्षं विमानतळावर काढलेली अक्का विमानात कधी बसली नव्हती. मी तिचं तिकीट काढून दिलं. निघायच्या दिवशी सकाळी तिच्या खोलीवर गेले. खण, गहू, नारळ, हळदीकुंकू घेऊन गेले होते. ते बघून ती दोन पावलं मागे सरली. माझी भरायची का, तिने विचारलं, आणि तो प्रश्न ती मला नाही, त्या फळ्यांना विचारतेय असं वाटलं. मी म्हटलं, भरायची. तिच्या कपाळाला कुंकू लावलं तेव्हा तिने डोळे मिटले होते, पाणी कडेने वाहत होतं. फळ्यांवर एकोणीस नारळ होते. ते माझ्याकडे ठेव, म्हणाली. प्रत्येक कोणाचा ते सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं.

मशीनपाशी ती साडी नेसून आली तेव्हा आमच्यातल्या कोणालाच पहिल्यांदा ओळखू आली नाही. पिशवी ट्रेमध्ये ठेवायच्या आधी तिने आपणहून नारळ काढून माझ्यासमोर धरला. मी दोन्ही हातांनी घेतला आणि तसाच धरून राहिले.

ती म्हणाली, "विचार की."

मी विचारलं. आठ दिवसांनी, ती म्हणाली, आणि तपासणीच्या चौकटीतून पलीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज दबका, कोणी जवळ झोपलं असावं तसा.

"पोरी, हाऊ तो नही शे."

हा तो नाही. तिने सांगितलं की तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कापायच्या यंत्रात अर्धी गेली होती. तिनेच फडकं बांधून त्याला शिरपूरला नेलं होतं. या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. नखांसकट. तिने दोन दिवस हात हातात घेऊन बघितले, कुठे वण नाही. मी म्हटलं, मग अक्का, तू परत ये, झालं गेलं. ती म्हणाली, आमच्या घराचं दार खालून उचलल्याशिवाय उघडत नाही हे त्याला माहीत आहे. आमच्या लग्नात मांडव पडला होता तो कोणाच्या डोक्यावर पडला तेही सांगितलं. मी आल्यावर पहिलं विचारलं काय, तर शेळी व्याली का. मी गाभण शेळीच बांधून ठेवली होती त्या साली. तो जायच्या आदल्या दिवशी विकत आणली होती.

मी विचारलं, मग हा कोण आहे, अक्का?

"बोटं सोडली तर बठ्ठा तोच शे," ती म्हणाली. बाकी सगळा तोच. मागून कोणीतरी हाक मारली, पुरुषाचा थकलेला आवाज. सही करायला बोलावतात, म्हणून तिने फोन ठेवला.

त्याच्याजवळ ओळखीचा कुठलाच कागद नव्हता, त्यामुळे विमानात त्याला कोणी बसू दिलं नसतं. ते रेल्वेने आले आणि जळगावात न थांबता थेट गावी गेले. अक्काने नोकरी सोडल्याचं पत्र टपालाने पाठवलं. एकोणीस नारळांपैकी बरेचसे मी दिले. मला यादी बघावी लागते, वही चाळावी लागते, आणि तरी तीन मुली माझ्या हातून निसटल्या. त्यांचे नारळ दोन महिन्यांत खडखडायला लागले.

आखाजीला मी धुळ्याला माहेरी गेले होते. तिथून शिरपूरची एस.टी. धरली आणि तिच्या गावी गेले. तिचा नारळ पिशवीत होता. गावात निंबांना झोके बांधलेले, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या. कोणाकडे जायचं, असं एका बाईने विचारलं. मी सांगितल्यावर ती म्हणाली, हो, हो, जिचा माणूस परत आला ना, ती. गावाचं ठरलेलं दिसत होतं.

अक्काच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं, हातभर बांगड्या. सकाळपासून पाच बायका ओटी भरून गेल्या, तिने सांगितलं. आवाज मोकळा झाला होता, जरा बारीकही. दाराशी उंच, वाकलेला एक माणूस भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मला बघून त्याने विचारलं, "कव्हय उनी?" आत्ताच, मी म्हटलं. तो समाधानाने हसला, उठला, दार खालून किंचित उचलून ढकललं आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेला. अंधारात चाचपडला नाही. तांब्या कुठे असतो ते त्याला माहीत होतं.

मी नारळ अक्काला दिला. इतक्या महिन्यांनीही तो पाण्याने जड होता. तिने तो उंबऱ्यावर फोडला, पाणी तिघांनी घोट घोट घेतलं, आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा त्याच्या हातात दिला. उजव्या हातात. तो सावकाश खायला लागला, आणि मला दुसरीकडे बघता येईना. त्याने तुकडा धरला होता तो अंगठा, मग त्याच्या शेजारचं, मग मधलं.

अक्का हातातली परात खाली ठेवून माझ्या आणि त्याच्यामध्ये येऊन बसली.

"मोजू नको, पोरी," ती हळूच म्हणाली. "मीपण सोडलं."

मी चौथ्या बोटापर्यंत आले होते. तिथेच थांबले.